पेटी, दिल्ली आणि एक हुकूम

दिल्लीकर महाराष्ट्रीयांत पेटीचा विषय निघाला, की नभोवाणीने तिच्यावर घातलेल्या बंदीचे खापर बहुधा डॉ. बा. वि. केसकरांच्या माथी फोडले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. बंदी अमलात आली ती १ मार्च १९४० रोजी. नभोवाणीची सूत्रे त्या वेळी लायोनेल फील्डन यांच्या हाती होती. दिल्ली केंद्रावरील जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच पेटीविरुद्ध लेखणी चालविली होती, आणि जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनीही तिला विरोध दर्शविला होता. केसकर नभोवाणी मंत्री झाले १९५२ मध्ये. पेटीविषयी त्यांनाही ममत्व नव्हते आणि तो हुकूम त्यांनी उठविला नाही, हे खरे. परंतु तो त्यांचा नव्हे. नस्त्यांत उमेद घालविलेल्या आम्हां मंडळींना याचे नवल वाटत नाही. हुकूम काढणारा जातो, हुकूम राहतो.

आक्षेप निराधार होता असेही नव्हे. पेटीचे स्वर पट्ट्यांना जखडलेले. त्यांत मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत. मग स्वतंत्र वादनात राग उलगडावा कसा? उत्तर वादकांनी हातांनीच दिले. डावा हात भात्यावर ठेवून स्वराचा जोर कमीजास्त करावा, उजव्याने शेजारच्या स्वराचा कण देऊन मींडेचा आभास उभारावा, आणि पेटीला जे खरोखरच साधते ते, म्हणजे चपळ तान आणि लयीची खेळी, मनमुराद करावे. आलापीत ती सारंगीच्या मागेच राहते, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ठुमरी आणि नाट्यपद तिच्यावर खुलते, हेही तितकेच खरे.

या मार्गाचे थोर पुरुष गोविंदराव टेंबे. भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच. १९५५ मध्ये ते निवर्तले, म्हणजे त्यांच्या अखेरच्या पंधरा वर्षांत पेटी नभोवाणीला वर्ज्यच होती. पुढे पी. मधुकर यांनी स्वतंत्र वादन गाजविले आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी ते चालविले.

१९७१ मध्ये बंदी शिथिल झाली, ती साथीपुरती. स्वतंत्र वादनाला त्या सवलतीत जागा नव्हती.