लोखंडाची मळी आणि घराची भिंत

लोखंडाच्या खनिजांत दगडमातीचा अंश असतोच. झोतभट्टींत कोक व चुनखडी यांच्यासह तें तापविलें म्हणजे वितळलेलें लोखंड तळाशीं जमतें, आणि दगडमाती चुन्याशीं मिळून मळीच्या रूपानें वर तरंगते. ही मळी पूर्वी कारखान्याबाहेर ओतून देत. तिचे डोंगर साचत.

१८६२ सालीं जर्मनींत एमिल लांगेन यांस एक नवल आढळलें. तप्त मळी पाण्यानें एकदम निवविली तर तिचे वाळूसारखे कण होतात, आणि चुन्याची जोड मिळतांच ते पाण्यांतहि दगडासारखे घट्ट होतात. सावकाश निवालेल्या मळीच्या अंगीं हा गुण फारसा नसतो. पुढें ती दळून पोर्टलंड सिमेंटांत मिसळूं लागले, तेव्हां कित्येक सिमेंट-कारखानदारांनीं तिला भेसळ ठरविलें. हा वाद शब्दांनीं नव्हे, तर परीक्षांनीं मिटला. जर्मनींत कमी मळीच्या सिमेंटास १९०९ सालीं आणि अधिक मळीच्या सिमेंटास १९१७ सालीं अधिकृत मान्यता मिळाली. भारतांत अशा सिमेंटाचें मानक १९५३ सालीं प्रसिद्ध झालें.

तथापि सर्वच मळी एका गुणाची नसते. पोलादाच्या भट्टींतील मळींत मोकळा चुना राहून जातो. जुने गवंडी कळीचा चुना विरवून व मुरवून मगच गिलाव्यास घेत. कारण कच्चा खडा राहिल्यास तो पुढें ओलीनें फुगून गिलावा फोडी. या मळीचा दोष तोच. म्हणून ती खडीसाठीं वापरण्यापूर्वीं दीर्घकाळ उघड्यावर भिजत ठेवून मुरवितात.

याहून बिकट वस्तु म्हणजे विजेच्या भट्टींतील धूळ. भंगार वितळतांना निघणारा धूर गाळला म्हणजे ती हातीं येते. एक टन पोलादामागें ती साधारणतः १० ते २० किलो निघते, आणि तींत जस्त, शिसें व कॅडमियम असतें. अमेरिकेंत १९८० सालीं तिची गणना घातक कचऱ्यांत झाली. ती काँक्रीटांत कोंडून टाकावी, हा विचार साहजिकच पुढें आला. परंतु जस्तानें सिमेंट घट्ट होण्यास विलंब लागतो, आणि शिसें तीव्र क्षारांत विरघळूं शकतें. काँक्रीट तर स्वभावतःच क्षारयुक्त असतें. म्हणून ठोकळा कठीण झाला एवढ्यानें काम भागत नाहीं. त्यांतून पाण्यांत काय उतरतें तेंहि तपासावें लागतें. पुष्कळ ठिकाणीं या धुळींतून आधीं जस्त काढून घेतात, तें याहून शहाणपणाचें.

झोतभट्टीच्या मळीनें विश्वास मिळविला तो अर्धशतकाच्या कसोटीनंतर. तीच कसोटी या धुळीसहि लाविली पाहिजे. कारण घर आज बांधलें जातें, तसें एके दिवशीं पाडलेंहि जातें. आणि भिंतींत कोंडलेलें विष त्या दिवशीं पुन्हां धूळ होऊन उडूं शकतें.