रंगभूमीवरून संगणकाकडे : ब्रेंडा लॉरेल यांची कामगिरी

नाट्यविचाराच्या अभ्यासकाला अॅरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ टाळता येत नाही. विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणले असल्याने आपल्या वर्गांतही त्याची चर्चा होते. मात्र ती बहुधा शोकांतिकेच्या मर्यादेतच राहते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या लहानशा ग्रंथाच्या आधारे विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अमेरिकन विदुषीने संगणकावरील खेळांची उपपत्ती मांडली, आणि तिची परीक्षा बाजारात उभे राहून दिली. साहित्याच्या अभ्यासकांनी उपेक्षावी अशी ही घटना नव्हे.

ब्रेंडा लॉरेल यांचा जन्म १९५० चा. त्यांचे उच्च शिक्षण ओहायो स्टेट विद्यापीठात झाले, आणि तेही नाट्यविषयात. १९७६ मध्ये त्या कोलंबस येथील ‘सायबरव्हिजन’ या संगणक-कंपनीत गेल्या व मुलांसाठी परीकथांना संगणकावर रूप देऊ लागल्या. १९८० पासून त्या ‘अटारी’ या विख्यात कंपनीत होत्या. पुढे तेथील संशोधनशाळेत अॅलन के यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि ती संशोधनशाळाही टिकली नाही. परंतु तेथे मनात घोळू लागलेल्या प्रश्नाला १९८६ च्या त्यांच्या प्रबंधात शास्त्रीय रूप आले. त्याचाच विस्तार म्हणजे ‘कॉम्प्युटर्स अॅज थिएटर’ हा १९९१ चा ग्रंथ होय.

प्रश्न असा होता : संगणक म्हणजे केवळ एक अवजार काय? लॉरेल यांचे उत्तर नकारार्थी होते. मनुष्य संगणकाशी व्यवहार करतो तेव्हा दोघे मिळून एक कृती घडवितात. त्या कृतीला आदी, मध्य आणि अंत असतो. ती कोठे रंगते, कोठे विस्कटते. म्हणून तिची घडण समजून घ्यावयाची तर यंत्रशास्त्राइतकेच नाट्यशास्त्राकडेही वळले पाहिजे.

अॅरिस्टॉटलने सांगितलेली सहा अंगे लॉरेल यांनी कृती, स्वभाव, विचार, भाषा, आकृतिबंध आणि प्रत्यक्ष प्रयोग अशी नव्याने मांडली. अॅरिस्टॉटलच्या ‘संगीता’चा अर्थ त्यांनी इंद्रियांना जाणवणारा आकृतिबंध असा विस्तारला. या उतरंडीतील खालचे प्रत्येक अंग वरच्याला द्रव्य पुरविते, आणि वरचे प्रत्येक अंग खालच्याला आकार देते. तात्पर्य, पडद्यावरील चित्रे कितीही डोळे दिपविणारी असली तरी ती कृतीच्या सेवेत नसतील तर व्यर्थ होत. चित्रांच्या झगमगाटावर भर देणाऱ्या व्यवसायाला हे सांगणे धाडसाचेच होते.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. नाटकात प्रेक्षक बसलेला असतो. खेळात तो रंगमंचावर चढून पात्र होतो. मग कथानकाची एकसंधता कोणी राखावयाची? लॉरेल यांच्या प्रबंधातील कल्पना अशी की, नाटककाराचे ज्ञान एका संगणक-प्रणालीत उतरवावे, आणि खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीनंतर त्या प्रणालीने पुढचा प्रसंग असा योजावा की शक्यतेतून संभाव्यता आणि संभाव्यतेतून अपरिहार्यता निर्माण व्हावी. उत्स्फूर्त नाट्य करणाऱ्या नटाला बंधने अडवीत नाहीत, उलट आधार देतात, ही रंगभूमीवरील जाण येथे त्यांच्या उपयोगी पडली.

१९९२-९३ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे रेचेल स्ट्रिकलंड यांच्या साहाय्याने त्यांनी ‘प्लेसहोल्डर’ हा प्रयोग केला. त्यात सहभागी होणारी व्यक्ती आभासी सृष्टीत कावळा, साप, मासा वा कोळी यांचे रूप धारण करी. कावळा झालेल्याला उडताही येई. आपल्या आवाजातील गोष्ट त्या स्थळी मागे ठेवून जाण्याचीही सोय होती. देवतेचे पात्र जिवंत माणसाने आयत्या वेळी रंगवावे अशी योजना होती. नाटककाराची जागा यंत्राने घेण्याचे स्वप्न पाहणाऱ्या विदुषीलाही नटाची गरज भासली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

खरी कसोटी पुढे लागली. ‘इंटरव्हल रिसर्च’ या संस्थेत असताना लॉरेल यांनी मुलामुलींच्या खेळण्याचा विस्तृत अभ्यास केला आणि त्यातून १९९६ मध्ये ‘पर्पल मून’ ही मुलींसाठी खेळ निर्माण करणारी कंपनी उभी राहिली. १९९७ च्या ‘रॉकेट्स न्यू स्कूल’ या खेळात नायिका नव्या शाळेत येते, आणि प्रत्येक कठीण प्रसंगी तिने बोलण्यापूर्वी तिच्या मनात कोणता भाव असावा, याची निवड खेळणारी मुलगी करते. कथा त्या निवडीप्रमाणे वळण घेते. आधी विचार, मग स्वभाव, मग कृती : लॉरेल यांच्या उतरंडीचा क्रम येथे शाळकरी मुलींच्या हाती दिलेला आढळतो. या खेळांनी मुलींविषयीच्या रूढ कल्पनाच दृढ केल्या, असा आक्षेप काही स्त्रीवादी टीकाकारांनी घेतला. तो विचारार्ह आहे. तथापि मैत्री, मत्सर आणि एकटेपणा यांना नाट्यवस्तूचा दर्जा देण्याचे श्रेय नाकारता येत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये कंपनीचे काम थांबले, आणि पुढे बार्बी बाहुली विकणाऱ्या ‘मॅटेल’ने ती विकत घेतली. या अनुभवाचा आढावा लॉरेल यांनी २००१ च्या ‘युटोपियन आंत्रप्रनर’ या पुस्तकात घेतला.

विचाराचा प्रवास मात्र थांबला नाही. मायकल मटीस आणि अँड्र्यू स्टर्न यांनी २००५ मध्ये ‘फसाड’ हे परस्परसंवादी नाटक प्रसिद्ध केले. त्यात प्रसंगांची गुंफण सांभाळणारी प्रणाली आहे आणि मटीस यांच्या उपपत्तीवर लॉरेल यांचे ऋण उघड आहे. उलटपक्षी २००१ मध्ये गोन्झालो फ्रास्का यांनी ऑगस्तो बोआल यांचा आधार घेऊन प्रतिपादिले की, खेळाने मनुष्याला कथानकात गुंगवू नये, त्याला विचारप्रवृत्त करावे. हा वाद नवा नव्हे. अॅरिस्टॉटल आणि ब्रेख्त यांच्यातील जुनाच वाद यंत्राच्या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला आहे.

यातच लॉरेल यांच्या कारकिर्दीचे महत्त्व आहे. त्यांची कंपनी टिकली नाही, यंत्रातील परिपूर्ण नाटककारही त्यांना लाभला नाही. परंतु संगणकावरील खेळांची चर्चा करताना त्यांनी नाट्यशास्त्राची परिभाषा अपरिहार्य करून सोडली. आपले विद्यार्थी हे खेळ खेळतात. त्यांतील कृती, स्वभाव आणि विचार यांची मीमांसा करण्याची साधने वर्गात शिकविल्या जाणाऱ्या शास्त्रातच आहेत, हे त्यांना दाखवून देणे शिक्षकांना अशक्य नाही.