निवडक मूकता असलेल्या मुलांमधील भावनिक व वर्तनविषयक अडचणी

निवडक मूकता किंवा सिलेक्टिव्ह म्यूटिझम हा बालवयात आढळणारा चिंताविकार आहे. या विकारात मूल घरी जवळच्या माणसांशी मोकळेपणाने बोलते. मात्र शाळेसारख्या, बोलणे अपेक्षित असलेल्या ठिकाणी ते सातत्याने बोलू शकत नाही. ही स्थिती किमान एक महिना टिकली व तिच्यामुळे शिक्षणात किंवा इतरांशी होणाऱ्या संवादात अडथळा आला, तरच निदान केले जाते. शाळेतील पहिला महिना त्यात धरत नाहीत. भाषा अवगत नसल्यामुळे आलेला अबोलपणाही यात मोडत नाही.

नावाचा इतिहास

जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये या स्थितीला 'अफेझिया व्हॉलंटारिया', म्हणजे स्वेच्छेची वाचाहीनता, असे नाव दिले. १९३४ मध्ये मोरिट्स ट्रामर यांनी 'इलेक्टिव्ह म्यूटिझम' ही संज्ञा वापरली. मूल जाणूनबुजून गप्प राहते, असा या दोन्ही नावांचा ध्वनी होता. अमेरिकेतील 'डीएसएम' या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीने १९९४ मध्ये 'सिलेक्टिव्ह' हा शब्द स्वीकारला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या विकाराचा समावेश चिंताविकारांत झाला.

भावनिक अडचणी

या मुलांमध्ये सामाजिक चिंताविकार बहुधा सोबत आढळतो. चारचौघांत फजिती होण्याची भीती, अतिलाजाळूपणा व एकटे राहण्याची प्रवृत्ती दिसते. बोलण्याची वेळ येताच काहींचे शरीर ताठरते, चेहरा निर्विकार होतो व नजर खाली वळते.

वर्तनविषयक अडचणी

पालकांना बिलगून राहणे, हट्ट, आदळआपट व सौम्य विरोध ही वर्तने आढळू शकतात. शाळेत शांत असलेले मूल घरी चिडचिड करते, तेव्हा ते हेकट असल्याचा समज होतो. लघवीला जाण्याची परवानगी मागणे किंवा दुखत असल्याचे सांगणेही अशा मुलाला जमत नाही. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही ते देता न आल्याने त्याच्या आकलनाविषयी चुकीचे मत बनू शकते.

उपचार

वर्तनोपचार हा मुख्य उपाय आहे. मूल ज्या व्यक्तीशी बोलते, तिच्यासोबत ते शाळेत बोलू लागले, की तेथे नवी व्यक्ती हळूहळू आणली जाते. मान हलवणे, कुजबुजणे, एक शब्द उच्चारणे अशा पायऱ्यांनीही प्रगती साधतात. काही मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधेही दिली जातात. बोलण्याची सक्ती, शिक्षा किंवा आमिष यांमुळे चिंता वाढू शकते. म्हणून शिक्षकांनी प्रारंभी लेखी उत्तर किंवा खूण स्वीकारणे हितावह ठरते.