सेवाग्रामचा चित्रकलेचा तास : गरीब शाळेला कला परवडते का?

१/ आपल्यापैकी अनेकांच्या शालेय वेळापत्रकात चित्रकलेचा तास असे, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जाई. कला ही चैन आहे, गरीब शाळेला ती परवडत नाही, असा त्यामागचा समज. या समजाची खरी कसोटी वर्धा जिल्ह्यात लागली. त्याविषयी हा थ्रेड.

२/ २२ व २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, असे ठराव झाले. अभ्यासक्रमासाठी डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली.

३/ प्रश्न पैशाचाही होता. नुकतीच प्रांतिक मंत्रिमंडळे आली होती. दारूबंदी करावी तर अबकारी उत्पन्न बुडणार, आणि शिक्षणाचा खर्च बव्हंशी त्याच उत्पन्नावर चाले. म्हणून शाळेने आपला खर्च मुलांच्या उद्योगातून भागवावा, ही गांधीजींची सूचना.

४/ समितीच्या अभ्यासक्रमात चित्रकलेला स्थान होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. वेळापत्रक मात्र बोलके आहे. रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला. चित्रकला, संगीत व गणित या तिघांना मिळून ४० मिनिटे.

५/ आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा सांस्कृतिक हेतू बळी पडू शकतो, हा धोका समितीने स्वतःच आपल्या अहवालात नोंदवला होता. तेव्हा खरा प्रश्न असा : सूत मोजणाऱ्या शाळेत चित्राला जागा कोण राखणार?

६/ उत्तर आले शांतिनिकेतनाकडून. नयी तालीमची धुरा वाहणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य रवींद्रनाथांच्या सहवासातून वर्ध्यास आलेले. चरखा आणि कला यांत वैर नाही, ही जाण त्यांच्यासोबत आली.

७/ या नात्याचा एक धागा खानदेशातही सापडतो. १९३६च्या फैजपूर काँग्रेसची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. जे गावात मिळते त्यातच सौंदर्य शोधावे, हा गांधीजींचा आग्रह त्यांनी प्रत्यक्षात उतरवला.

८/ नंदलालांच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. जन्म डेहराडूनचा, वय अवघे तेविशीच्या आसपास. आज अध्यापनाच्या सरावासाठी एखाद्या खेड्यातील शाळेत प्रथमच उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याचे वय साधारण तेवढेच असते.

९/ त्या काळच्या शाळांत चित्रकला म्हणजे मुख्यतः नक्कल : फळ्यावरची आकृती, समोर ठेवलेला घडा, रेघ सरळ आली की गुण. देवी प्रसादांची भूमिका निराळी होती. मुलाचे चित्र मोठ्यांच्या मापाने मोजू नये. शिक्षकाने ते ‘सुधारू’ नये. त्यातून मूल काय सांगते आहे ते आधी समजून घ्यावे.

१०/ त्यांच्या दृष्टीने कलेचा तास चित्रकार घडवण्यासाठी नव्हता. हात, डोळा आणि भावना यांची सांगड घालून माणूस घडवणे हा त्याचा हेतू. म्हणून हस्तोद्योग व कला यांत भिंत उरत नाही. स्वतः देवी प्रसादही पुढे कुंभारकलेतील कलावंत म्हणून ओळखले गेले.

११/ सेवाग्रामात शिक्षकही घडत होते. हिंदुस्थानी तालीमी संघ प्रशिक्षणाचे काम करी. कलेची ही दृष्टी एका चित्रशाळेपुरती न राहता साध्या शिक्षकाच्या हाती जावी, यातच प्रयोगाचे खरे यश होते. आणि तेथेच त्याची मर्यादाही दिसते.

१२/ सेवाग्रामला देवी प्रसाद लाभले. देशभरातील बुनियादी शाळांना असा शिक्षक लाभणे शक्य नव्हते. बहुतेक ठिकाणी टकली पोहोचली, पण रंग पोहोचले नाहीत. उद्योग उपचारापुरता उरला आणि समितीने वर्तवलेला धोका खरा ठरला.

१३/ १९६२ मध्ये देवी प्रसाद युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कामासाठी लंडनला गेले. सेवाग्रामच्या अनुभवावर आधारलेले त्यांचे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नयी तालीमची वाट पुन्हा चालते आहे.

१४/ माझ्या मते या इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. गेरू, चुना आणि काजळी यांना आजही फारसा पैसा लागत नाही. महाग आहे तो शिक्षकाचा वेळ, आणि मुलाच्या चित्रासमोर थांबण्याची त्याची तयारी. गरीब शाळेला कला परवडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा तो थांबण्याचा वेळच नाकारत असतो.

१५/ आपल्या शाळेत चित्रकलेचा तास खरोखर होत असे का? कोणत्या गावी, कोणत्या काळात, हे जरूर लिहा. अशा आठवणीही उद्याच्या इतिहासाची साधने आहेत. (समाप्त)