तोडा कीं चकमक? गंगथडींतील बंदुकांविषयीं एक विचार

गोदावरीच्या उत्तर तीरावरील गंगापूर तालुका हा जुन्या गंगथडीचा भाग होय. शेजारच्या वैजापूर तालुक्यांत फेब्रुवारी 1728 मध्यें पालखेडचा प्रसंग घडला. ईशान्येस असई येथें 23 सप्टेंबर 1803 रोजीं शिंदे-भोसल्यांची वेलस्लीशीं लढाई झाली. या पाऊणशें वर्षांत दक्षिणेंत चकमकीची बंदूक पसरली, तरी तोड्याची नाहींशी झाली नाहीं. हा केवळ अडाणीपणा, असें सहज म्हटलें जातें. तें तपासून पाहणें अवश्य आहे.

तोड्याच्या बंदुकींत पेटती जामगी घोड्याच्या चिमट्यांत धरलेली असते. चाप ओढला म्हणजे घोडा हळू खालीं येऊन कानाजवळील रंजकास विस्तव लावतो. आघात मुळींच होत नाहीं. नळी लांब व जड असल्यामुळें बुरजावर टेकून नेम धरणाऱ्याच्या हातीं ती स्थिर राहते. उलट चकमकींत गार धरलेला घोडा पोलादावर जोरानें आदळतो, व त्या हिसक्यानें नेम ढळण्याचा संभव असतो. परंतु तोड्याचे दोषही मोठे. जामगी सदैव जळती ठेवावी लागते, पावसांत ती विझते, रात्रीं तिचा निखारा शत्रूस दिसतो, आणि दाट रांगेंत शेजाऱ्याच्या दारूस तिचें भय असतें. म्हणून खांद्यास खांदा लावून एकदम बार काढणाऱ्या पलटणीस चकमकच सोयीची.

तात्पर्य, निवड कामावरून ठरे. महादजी शिंद्यांच्या चाकरींतील द बॉयन याच्या कंपूंत तेलंगे चकमकीच्या, तर नजीब तोड्याच्या बंदुका बाळगीत. एकाच सेनानीच्या हाताखालीं दोन्ही असतां अज्ञानाचा प्रश्न उरत नाहीं.

पुढें 1807 मध्यें फोरसिथ यानें आघातानें पेटणाऱ्या दारूच्या चापाचें पेटंट घेतलें, व त्याच मार्गानें कडेवर आघात होऊन उडणारें बारीक काडतूस आलें. तें वापरून टेबलावर रायफल टेकवून नेम मारणारे आजचे खेळाडूही चाप निवडतांना तेंच पाहतात: चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत वेळ किती जातो, व तेवढ्यांत नळी हलते कीं काय. साधनें बदललीं, प्रश्न बदलला नाहीं.

संग्राहकांस यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. कागदांत नुसता ‘बंदूक’ शब्द आला म्हणून चकमक समजूं नये. हिशेबांत गारांचा खर्च असेल तर ती चकमकीची खूण. रंजक मात्र दोहोंसही लागे, आणि जामगी तोफेसही लागे, म्हणून तेवढ्यावरून निर्णय करूं नये. दुसरें असें कीं, प्रत्यक्ष बंदूक हातीं आल्यास कुंद्यावरील बुजविलेलीं भोकें व खाचा आधीं पाहाव्या. जुन्या नळीस पुढें नवा चाप बसविला असल्यास त्याची साक्ष तेथेंच मिळते. अशी बंदूक घासून पुसून नवी करणें म्हणजे तिचा दप्तरखाना जाळणेंच होय.