घाटावर आणि घाटाखाली : डोणगाव परिसराच्या इतिहासातून कार्यकारणाचे शिक्षण

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव होय. घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख अशी जिल्ह्याची जी जुनी विभागणी आजही लोकांच्या बोलण्यात आहे, तीत डोणगाव घाटावर येते. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीपासून दूर, पैनगंगा आणि तिला मिळणारे ओढे-नाले यांनी कापलेल्या चढउताराच्या पठारावर. हा भूगोल आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आधुनिक इतिहासातील कारणे, परिणाम आणि स्थित्यंतरे यांचे विश्लेषण करायला शिकवण्यासाठी वऱ्हाडच्या कापसाइतके समृद्ध उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडते, आणि त्याचे खरे मोल घाटाच्या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

या विषयाचे प्रचलित उत्तर एका वाक्यात मावते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला आणि वऱ्हाडात कापसाचे युग आले, असे ते उत्तर आहे. त्यातील एकही विधान खोटे नाही, परंतु ती ज्या रीतीने एकमेकांस जोडली जातात ती रीत विद्यार्थ्याची दिशाभूल करते, कारण तीत एका घटनेने दुसरी घटना आपोआप जन्मास घातल्याचा भास होतो. तारखांची साधी पडताळणी केली तरी हा भास टिकत नाही. युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले, त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजारही बुडाला. तरीही वऱ्हाडातील कापसाखालचे क्षेत्र युद्धापूर्वीच्या पातळीवर परत न जाता पुढील दशकांत वाढतच राहिले. युद्ध हेच एकमेव कारण असते, तर ते नाहीसे झाल्यावर परिणामही ओसरायला हवा होता. तो का ओसरला नाही, या प्रश्नापाशी इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

उत्तरासाठी मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून उत्तरेकडे थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि ही वाहतूक बहुतांशी बंजारा तांड्यांच्या हाती होती. १८२० च्या सुमारास खामगावची कापूस बाजारपेठ उभी राहिली. त्याच दशकात विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे वळवण्यास प्रारंभ केला. हीच पेढी निजामाची सावकार होती आणि कर्जाच्या फेडीपोटी वऱ्हाडातील काही परगण्यांचा वसूल तिच्याकडे लावून दिलेला होता, ही बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण निजामाच्या कर्जबाजारीपणातूनच पुढे २१ मे १८५३ चा तह झाला. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेले पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालचे सैन्य, याच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, अशा या विलक्षण व्यवस्थेमुळे प्रांताला सरकारी कागदोपत्री ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे नाव पडले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८५७ साली, मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन केली. केवळ अमेरिकेवर अवलंबून राहणे धोक्याचे आहे हे त्यांना युद्धापूर्वीच उमगलेले होते. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीन मोजणी आणि रयतवारी, म्हणजे सरकारने थेट खातेदाराशी ठरवलेला सारा, वऱ्हाडात लागू झाली. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा खास कापसासाठी घातलेला फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला.

या घटना वर्गात केवळ क्रमाने लिहून काढल्या तर विद्यार्थ्याच्या हाती सनावळी लागते, विश्लेषण लागत नाही. म्हणून येथे कारणांचे प्रकार सांगणे अगत्याचे ठरते. काळी जमीन, कापसाची जुनी लागवड आणि व्यापाराच्या रुळलेल्या वाटा ही पूर्वस्थिती होय, म्हणजे जिच्या अभावी पुढचे काहीच घडले नसते, पण जी एकटी काही घडवत नाही. १८५३ चा तह, मोजणी आणि रेल्वे ही संरचनात्मक कारणे होत. ती हळूहळू घडतात आणि घडल्यावर सहजासहजी पुसली जात नाहीत. यादवी युद्ध हे तात्कालिक कारण होय. त्याने वेग दिला, भाव चढवले आणि अनेकांना जोखीम घेण्यास प्रवृत्त केले. कोणते कारण कोणत्या प्रकारात बसते याबद्दल दोन विद्यार्थ्यांत मतभेद होणे ही शिक्षकाला हवीहवीशी वाटावी अशी गोष्ट आहे, कारण रेल्वेला पूर्वस्थिती म्हणायचे की युद्धाने सुरू केलेल्या प्रक्रियेला कायम करणारे बळ म्हणायचे, हे ठरवताना त्यांना आपापल्या बाजूने पुरावा मांडावा लागतो. जर-तरची कसोटीही येथे कामास येते. युद्ध झालेच नसते तर काय झाले असते, असा कल्पनेचा प्रश्न विचारून त्याचे उत्तर मात्र ज्ञात घटनांच्या आधारे द्यायचे, अशी ही पद्धत आहे. १८५७ ची असोसिएशन आणि युद्धापूर्वीच मुंबईहून पुढे सरकू लागलेली रेल्वे पाहता कापूस युद्धाशिवायही वाढला असता, कदाचित संथपणे, असे म्हणण्यास सबळ आधार मिळतो.

यानंतर घाट चढून वर यावे. युद्ध एकच होते, लिव्हरपूलमधील भाव एकच होता, सरकारही एकच होते, तरी खामगावला जे झाले ते मेहकर-डोणगावच्या पट्ट्यात झाले नाही. त्या काळी चरखीवर सरकी काढलेली रुई डोकड्यांत, म्हणजे सैल बांधलेल्या कच्च्या गाठींत, भरून बैलगाडीवर लादली जाई. घाटाखालच्या शेतकऱ्याची गाडी सपाट रानातून बाजारात येई, तर घाटावरच्या गाडीला पठाराचे चढउतार ओलांडून घाट उतरावा लागे आणि वाटेत धूळ बसून रुईचा दर्जा खालावे, तो भाग वेगळाच. खामगावात यांत्रिक दाबाने पक्की गाठ बांधली जाऊन ती रेल्वेच्या डब्यात चढे. डोकड्यापासून पक्क्या गाठीपर्यंतच्या या प्रवासात जी अडत, जी मजुरी आणि जी पत निर्माण झाली, ती रुळांच्या कडेला साचली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, पेढ्या आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या शाळा घाटाखालच्या गावांत आल्या, तर घाटावर ज्वारी, गहू आणि डाळी यांचे वजन टिकून राहिले. एकाच कारणाचे दोन भिन्न परिणाम होतात ते असे, आणि कारण-परिणामाच्या जोड्या लावण्याच्या प्रश्नातून हे कधीच कळत नाही.

घाटावर मोठे स्थित्यंतर झाले नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. मेहकर हे मोमीन विणकरांचे जुने केंद्र होते. ज्या रेल्वेने कच्चा कापूस बंदरावर नेला तिनेच गिरणीचे कापड परत आणले, तेव्हा हातमागावर जगणाऱ्या घरांसाठी कापसाचे युग हे भरभराटीचे नव्हे तर ओहोटीचे युग ठरले. बंजाऱ्यांच्या बाबतीतही तेच म्हणावे लागते. मिर्झापूरपर्यंत माल नेणाऱ्या तांड्यांची वाहतूक रुळांनी हिरावली आणि त्यांना शेती, गुरे व मजुरी यांच्याकडे वळावे लागले. म्हणूनच परिणाम काय झाला, हा प्रश्न अपुरा आहे. परिणाम कोणावर झाला, केव्हा झाला आणि किती काळ टिकला, हे विचारल्यावरच त्याला अर्थ येतो. खातेदार, सावकार, विणकर, तांड्याचा नायक आणि शेतमजूर स्त्री यांच्यासाठी १८७० या एकाच वर्षाचा हिशेब वेगवेगळा लागतो.

दुष्काळांचा विषय याहून कठीण आणि म्हणूनच अधिक मोलाचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड हादरले. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली आणि दहा वर्षांत ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. पाऊस न पडणे हे कारण येथे उघड दिसते, पण पाऊस पूर्वीही चुकत असे. नगदी पिकाकडे झुकलेली जमीन, आक्रसलेली कुरणे, सावकारी कर्ज आणि बाहेरच्या प्रांतांतील मागणीला रेल्वेने जोडलेला धान्याचा स्थानिक भाव, या साऱ्यांनी त्या अवर्षणाला दुष्काळाचे रूप दिले. रेल्वेने धान्य आणलेही आणि नेलेही. तिच्याविषयी एका शब्दात निवाडा देण्याचा मोह विद्यार्थ्याने आवरला पाहिजे.

१९०१ च्या लोकसंख्येच्या याच आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि १९०५ साली अकोला जिल्ह्यातील खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्यात आले. त्यामुळे १९०१ चा आकडा १९११ च्या आकड्याशेजारी ठेवून दुष्काळानंतर जिल्हा झपाट्याने सावरला असे अनुमान कोणी काढले, तर ते पायाशीच चुकते, कारण मधल्या काळात जिल्ह्याची हद्द बदललेली आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हा खुलासा आधी न देता दोन्ही आकडे आणि दोन्ही नकाशे द्यावेत. चूक त्यांची त्यांनाच सापडते आणि एकदा सापडली की कोणत्याही तक्त्यापुढे त्यांचा पहिला प्रश्न हद्दीविषयीचा असतो.

सर्व परिणाम हानीच्याच रकान्यात पडत नाहीत. मापात आणि भावात होणाऱ्या लबाडीवर उपाय म्हणून १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा उगम येथे आहे. कापसाने निर्माण केलेल्या शोषणातूनच त्याला आवर घालणारी संस्था उभी राहिली, ही परिणामाची दुसरी पायरी होय.

तुलनेसाठी मेहकर तालुक्याला एक दुर्मीळ सोय लाभली आहे. त्याच्या दक्षिणेस जिंतूरच्या बाजूला निजामाचा मुलूख लागे आणि तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच प्रत्यक्ष कारभारात राहिला. पठार तेच, भाषा तीच, पाऊसमान जवळपास तेच, परंतु राज्यव्यवस्था निराळी. इंग्रजी कारभारामुळे नेमके काय बदलले आणि काय तसेही बदललेच असते, हे पारखायला सीमेच्या दोन्ही अंगांची गावे शेजारी ठेवण्याहून चांगला मार्ग नाही.

या परिसराला साधनांची वाण नाही. आल्फ्रेड लायल याने संपादिलेले १८७० चे गॅझेटियर कारभाऱ्याच्या नजरेने लिहिलेले आहे, तर बुलढाण्याचे या. मा. काळे यांचा १९२४ चा ‘वऱ्हाडचा इतिहास’ हा त्याच भूमीतील अभ्यासकाने मराठीत मांडलेला आहे. दोहोंतील एकाच काळाचे वर्णन शेजारी ठेवले म्हणजे लेखकाच्या स्थानाने कारणांची निवड कशी ठरते ते दिसून येते. २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकाने इतिहासलेखनाच्या परंपरा आणि उपयोजित इतिहास यांना स्थान दिले, हे स्वागतार्हच होते. तथापि ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ या ठरावीक प्रश्नात विधान आधीच खरे धरलेले असते आणि विद्यार्थ्याने चार मुद्दे आठवायचे एवढेच काम उरते. इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या स्कूल्स कौन्सिलच्या इतिहास प्रकल्पाने साधने आणि पुरावा यांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले होते. मराठी शाळांत याच वाटेने जाण्यासाठी प्रश्न उलटा करणे पुरेसे आहे: विधान द्यावे आणि ते कितपत टिकते, हे तारखा व आकडे यांच्या साह्याने तपासायला सांगावे.

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली आहे, आणि रूळ न येणे हेही घाटावरच्या इतिहासातील एक कारणच आहे, हे सांगायला विसरू नये. दरम्यान मेहकर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि त्याआधीच्या तीन दशकांत घाटावरच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने बव्हंशी घेतली होती. ज्वारीकडून सोयाबीनकडचे हे स्थित्यंतर महामार्गाने घडवलेले नाही, एवढे तर या कालक्रमावरूनच सिद्ध होते. ते कशाने घडले, हे डोणगावच्या विद्यार्थ्यांना सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या जुन्या नोंदी, बाजार समितीतील आवक आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती यांच्या आधारे शोधता येण्यासारखे आहे.