शिरोड्यातली कुलपे, मुंबईतल्या पथाऱ्या

तळकोकणातल्या शिरोड्यात चिऱ्याच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची कितीतरी घरे चतुर्थीपुरती उघडतात. एरवी कौल सरकते, पाणी वाशांत मुरते, वाळवी चढते. याला वारसांची बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे. भातशेती आणि मिठागरांवर कुटुंब वर्षभर तगत नव्हते, म्हणून तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथे गावकीच्या एकाच खोलीत पाळीपाळीने पाठ टेकायची. गावी ओस घर आणि शहरात पथारीपुरती जागा, दोन्ही एकाच माणसाची! घर असते तिथे रोजगार नाही, आणि रोजगार असतो तिथे घर परवडत नाही. दोष या विषम वाटणीचा आहे.

शहरातल्या या दाटीसाठी भाडेनियंत्रणाकडे बोट दाखवले जाते. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, हे खरेच. पण दाटी त्याआधीची आहे. ती हलकी करायला १९२०च्या दशकात सरकारने बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या, तेव्हा वरळीतल्या अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या; भाडे जड आणि गिरण्या दूर. मग मालकी सरकारकडे दिली की प्रश्न सुटतो का? सोव्हिएत संघाने १९७७च्या घटनेत घराचा हक्क लिहिला, तरी कुटुंबे वर्षानुवर्षे रांगेत होती. मात्र बाजारावर सोडूनही भागलेले नाही: २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी होती आणि देशभरात १७.७ लाख माणसे बेघर. शिरोड्यातले कुलूप तोडून मुंबईत पथारी टाकणाऱ्या एकाचीही सोय होणार नाही. त्याचे पोट मुंबईत आहे. त्याला घर हवे ते कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मजुरीत बसेल अशा भाड्याचे.